कंत्राटात गेलेली कामं परत कशी आली?

आम्ही मुंबईतल्या भांडुपच्या बचत गटाच्या बायका बोलतोय. भांडुपच्या एका बाजूला डोंगर आहे आणि दुसऱ्या बाजूला खाडी. मुंबईला लागणाऱ्या पाण्यातलं बरंचसं पाणी इथल्या भांडुप संकुलात शुद्ध होऊन शहरभर जातं. शहराचा बराचसा कचरा शेजारच्या कांजूरमार्गला येतो. पाणी आमच्याकडून जातं आणि कचरा आमच्याकडे येतो. म्हणून ही कामं महापालिकेनं स्वतः करावीत की कंत्राटदाराला द्यावीत, याबद्दल आमच्या गटाच्या बैठकीत नेहमी बोलणं होतं. आज त्याचाच थोडा इतिहास सांगतो. तुमच्या ग्रामपंचायतीतही नळाचं पाणी, दिवाबत्ती, झाडलोट ही कामं कोणाकडे तरी दिलेली असतातच.

कंत्राट ही काही आजची गोष्ट नाही. मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, ती खासगी कंपनीचीच होती. १९०५ च्या करारानं वीज आणि ट्राम ही दोन्ही कामं एका नव्या कंपनीकडे गेली. तिचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, त्यातल्या पहिल्या अक्षरांवरून लोक तिला ‘बेस्ट’ म्हणू लागले. १९०७ साली विजेवरची ट्राम धावली आणि १९२६ साली बस आली. कंपनी कमावत होती, शहर वाढत होतं. पण हा कारभार पुढे विकत घ्यायचा हक्क महापालिकेनं करारातच राखून ठेवला होता. त्या हक्कानं ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, बेस्ट महापालिकेची झाली. भांडणतंटा न होता एवढं मोठं काम परत आलं, कारण परतीची वाट पहिल्याच दिवशी कागदावर लिहिलेली होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता कचऱ्याची गोष्ट. हिला परतीची वाट नव्हती, ती कामगारांनी कोर्टातून काढली. १९९० नंतरच्या काळात मुंबई महापालिकेनं कचरा उचलण्याचं आणि सफाईचं बरंच काम कंत्राटदारांकडे दिलं. काम तेच आणि रस्तेही तेच राहिले. पण कायम कामगाराला पगार, रजा, भविष्य निर्वाह निधी, दवाखाना मिळायचा आणि कंत्राटी माणसाला दिवसाची मजुरी, तीही पुरी मिळेल याची खात्री नाही. हातमोजे, गमबूट यांच्यासाठीसुद्धा भांडावं लागायचं. हे कामगार बहुतेक दलित समाजातले. कित्येक जण मराठवाड्यासारख्या दुष्काळी भागातून पोटासाठी आलेले. म्हणजे तुमच्याच गावांतून इकडे आलेली माणसं.

कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० साली झाला. तेव्हा तो २० किंवा जास्त कामगार असलेल्या कंत्राटदाराला लागू होता. त्यामुळे काम लहान लहान तुकड्यांत वाटायचं, एकेका कंत्राटदाराकडे विसाच्या आतच माणसं ठेवायची, अशी पद्धत पडली. कधी कामगाराला ‘स्वयंसेवक’ म्हणायचं, म्हणजे मजुरीचा प्रश्नच येत नाही. कागदावर मालक बदलत राहायचा. मुकादम, हजेरीची चौकी आणि कचऱ्याची गाडी मात्र तीच.

या कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघ नावाची युनियन बांधली. मिलिंद रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चालवली. २,७०० कामगारांचा दावा औद्योगिक न्यायाधिकरणापुढे गेला. प्रश्न साधा होता : खरा मालक कोण? काम कोण सांगतं, देखरेख कोण करतं, गाडी कोणाची? २०१४ साली न्यायाधिकरणानं कामगारांच्या बाजूनं निवाडा दिला, की ही कंत्राटं नावापुरती आहेत आणि हे कामगार महापालिकेचेच आहेत. महापालिका उच्च न्यायालयात गेली, तिथं २०१६ च्या डिसेंबरात हरली. मग सर्वोच्च न्यायालयात गेली. ७ एप्रिल २०१७ रोजी तिथंही निवाडा कायम राहिला.

पण निकाल लागला म्हणजे हातात पडला असं होत नाही. यादीतलं नाव आणि ओळखपत्रातलं नाव जुळेना. कुठं वडिलांचं नाव वेगळं, कुठं आडनावाची वेलांटी वेगळी. त्यापायी अनेकांना पुढेही वाट पाहावी लागली. काही जण वाट पाहतच वारले. मैत्रिणींनो, हजेरीचा कागद, पगाराची चिठ्ठी, ओळखपत्राची झेरॉक्स जपून ठेवा असं आम्ही गटात पुन्हा पुन्हा सांगतो, ते यासाठीच.

पाण्याचं उदाहरण औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं. जायकवाडीहून शहराला समांतर जलवाहिनी टाकायची होती. २०१४ च्या सप्टेंबरात शहराचा सगळा पाणीपुरवठाच एका खासगी कंपनीकडे गेला. लोकांची तक्रार अशी की पाणीपट्टीची काळजी वाढली, पाणी वाढलं नाही. मुख्य जलवाहिनीचं काम रखडलं. २०१६ साली महापालिकेनं करार रद्द केला आणि पाणीपुरवठा परत आपल्या हातात घेतला. पण त्यानं नळाला लगेच रोज पाणी आलं नाही. जलवाहिनी जुनीच होती. नवी मोठी योजना २०२० साली सुरू करावी लागली, आणि मधली वर्षं बायकांनी हंडे मोजत काढली. काम परत घेणं ही पहिली पायरी झाली. ते चालवायला पैसा, माणसं आणि जाणकार इंजिनिअर लागतात, आणि ते मधल्या काळात कमी झालेले असतात.

कंत्राटाच्या बाजूनंही बोलणारे आहेत, त्यांचंही ऐकलं पाहिजे. कायम माणसांचा खर्च जास्त असतो. कायम झालं की काम सैल पडतं, अशी लोकांची तक्रार असते आणि ती प्रत्येक वेळी खोटी नसते. बेस्टचंच बघा. तोटा वाढला म्हणून २०१९ पासून चालकासकट भाड्याच्या बस घेतल्या. तिकीट पाच रुपयांवर आलं, आम्हीही खूश झालो. पण २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्या बसच्या चालकांनी पगारासाठी संप केला आणि ऐन कामाच्या वेळी स्टॉपवर रांगा लागल्या. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात अशाच एका बसचा भीषण अपघात झाला, तेव्हा चालकाला शिकवण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. २०२५ च्या मे महिन्यात तिकीटही पाचाचं दहा झालं. स्वस्त वाटलं त्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी, किंवा आपणच थोड्या उशिरानं, भरत होतो.

आता आपल्या स्वतःबद्दल. बचत गटालाही अशी कामं मिळतात. शाळेचा पोषण आहार, वस्तीची सफाई, पाणीपट्टीची वसुली. काम मिळालं की आनंद होतो, तो खरा आहे. पण त्या कागदावर आपण कामगार असतो, कंत्राटदार असतो की स्वयंसेवक? मिळतं ते मानधन की मजुरी? झाडू मारताना बाई पडली तर दवाखान्याचं बिल कोणाचं? कंत्राटदाराच्या जागी गट आला आणि बाईचा रोज तेवढाच राहिला, तर बदललं फक्त नाव.

पुण्यात याला वेगळं उत्तर शोधलं गेलं. तिथल्या कचरा वेचणाऱ्यांनी, त्यात बहुसंख्य बायकाच, १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली. पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था झाली आणि २००८ साली तिनं पुणे महापालिकेशी करार केला. मध्ये ठेकेदार नाही, संस्थेच्या मालक त्या स्वतः. पण करार संपत आला की पुढे काय, ही धाकधूक त्यांनाही चुकलेली नाही.

पुढच्या महिला ग्रामसभेत चार गोष्टी विचारून बघा. आपल्या गावचं कोणतं काम कोणाला, किती वर्षांसाठी दिलं आहे? करारात काम परत घ्यायचं कलम आहे का? राबणाऱ्या माणसाला हातात किती मिळतात? कंत्राट बदललं तर ती माणसं कामावर राहतात की घरी बसतात? तोंडी उत्तर मिळालं तर कागद मागा. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्याला आहे, अर्ज साध्या मराठीत चालतो. गटात एखादी लिहिणारी असतेच, तिला पुढे बसवा. आणि मिळालेला कागद बैठकीत मोठ्यानं वाचा, सगळ्या जणी ऐकतील असा.