पेणची मतपेटी, रोह्याची नोटीस

२१ सप्टेंबर २००८, रविवार. पेण तालुक्यातल्या २२ गावांत मतदान होतं, पण उमेदवार कुणीच नव्हता. प्रश्न एकच: रिलायन्सच्या महामुंबई सेझला जमीन द्यायची की नाही? गावं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली, मत देणारे सातबारावर नाव असलेले शेतकरी. निकाल सरकारने अधिकृतपणे जाहीर केलाच नाही. सेझही तिथे उभा राहिला नाही.

त्या मतदानाला कायद्याचा आधार नव्हता. जमीन घेतली जायची १८९४ च्या कायद्याने आणि त्यात मालकाच्या संमतीची अटच नव्हती. ती आली २०१३ च्या केंद्रीय कायद्यात. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधितांची संमती, सरकारी-खासगी भागीदारी असेल तर ७० टक्के. शिवाय सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि जनसुनावणी.

पण पेणच्या दक्षिणेला, रोहा-माणगाव भागात, दिल्ली-मुंबई कॉरिडॉरसाठी जमीन घ्यायची होती ती राज्याच्या १९६१ च्या एमआयडीसी कायद्याने. त्यात संमतीची टक्केवारी नाही. केंद्राच्या नव्या कायद्याने १३ कायद्यांना सूट दिली होती, पण ते सगळे केंद्राचेच. एमआयडीसीचा त्यात नव्हता. मग शेतकऱ्याने कोणता कायदा दाखवायचा?

भूसंपादन हा समवर्ती सूचीतला विषय, म्हणजे त्यावर दोघेही कायदे करू शकतात. ते एकमेकांशी भिडले तर कलम २५४ नुसार केंद्राचा कायदा चालतो. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे इथे विषय संपला असं मला वाटलं होतं. पण त्याच कलमात ओव्हरराइडची सोय आहे: राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, की त्या राज्यात तोच चालतो. पुढे संसदेने नवा कायदा केला, तर तोही बाजूला पडू शकतो.

असं खरंच झालंय. झवेरभाई अमाईदास यांच्यावर तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या सुरत जिल्ह्यात परवान्याशिवाय ज्वारी नेल्याचा खटला झाला. मुंबई राज्याचा १९४७ चा कायदा जास्त कडक होता, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा. गंमत म्हणजे तोच आपल्याला लावा, असं आरोपीचं म्हणणं. कारण एवढी शिक्षा असलेला खटला चालवायचा अधिकार त्या मॅजिस्ट्रेटला नव्हता! १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की केंद्राने १९५० मध्ये शिक्षेची तरतूद नव्याने केली, तेव्हाच राज्याची तरतूद संपली. शिक्षा कायम राहिली.

रोह्यात गाडी उलट्या दिशेने गेली. २०१८ मध्ये महाराष्ट्राने केंद्रीय भूसंपादन कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची मंजुरी घेतली आणि सूट मिळणाऱ्या कायद्यांची स्वतःची यादी जोडली. एमआयडीसी कायदा तिच्यात आहे. मोबदला आणि पुनर्वसनाच्या केंद्रीय तरतुदी लागू करायची सोय ठेवली, म्हणजे पैशाच्या बाजूने शेतकरी अगदीच उघड्यावर पडला नाही. पण संमती आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास गेला. माझ्या मते खरी किंमत त्याचीच होती.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या १२ औद्योगिक शहरांमध्ये दिघीचं नाव आहे. १९६१ च्या कायद्याच्या कलम ३२ खाली नोटीस आली, तर जमीनमालक हरकत घेऊ शकतो, अधिकाऱ्यासमोर म्हणणं मांडू शकतो. मतपेटी मात्र त्या कायद्यात कुठेच नाही.