पटाची जोडी

गेल्या दिवाळीत, गायगोधनाच्या सकाळी, रंगवलेल्या शिंगांची गुरे वाजतगाजत निघाली होती आणि माझा पुतण्या आमच्या ओसरीच्या खांबाला टेकून बसला होता. चेहऱ्यावरूनच मी ओळखले, की स्वारीला काहीतरी हवे आहे.

“काकाजी, बाबांना तुम्हीच समजवा. मला डोमिनार घ्यायची आहे.”

मुलगा गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये नोकरीला. आमगावहून रोज पंचवीसेक किलोमीटर जायचे, तितकेच यायचे. त्याचा हिशेब तयार होता : शंभर सीसीची जुनी गाडी विकायची, धानाचे चुकारे आले की त्यातले काही घालायचे आणि उरलेल्याचे हप्ते. भाऊंनी मात्र हे सारे एका शब्दात निकालात काढले होते : “हत्ती!”

मी पडलो शाळामास्तर, त्यातून कादंबऱ्या लिहिणारा. कुळकथा ऐकल्याशिवाय कोणाविषयीही मत देणे मला जमत नाही. म्हणून या गाडीचीही कुळकथा मी शोधू लागलो आणि शोधता शोधता आमच्याच गोठ्याशी येऊन पोचलो.

आपल्याकडे जोरदार फटफटी म्हणजे बुलेट. १९५५ साली मद्रासला तिची जुळणी सुरू झाली. फौजेत आणि पोलिसांत ती रुळली, आणि तिचा आवाज ऐकू आला की कोणीतरी साहेब आला असे गाव समजू लागले. मध्यमवर्गाच्या दारात आली ती मात्र स्कूटर. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजांनी १९७२ साली जी स्कूटर काढली, तिचे नाव काय, तर चेतक! राणा प्रतापांचा तो युद्धातला घोडा. आणि या चेतकवर पुढे एक पोर उभे, मागे बायको, तिच्या मांडीवर दुसरे पोर आणि पायाशी भाजीची पिशवी. नाव रणांगणाचे, काम संसाराचे. पण त्या संसारी घोड्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत.

तिकडे अमेरिकेत निराळाच छंद होता. पाव मैलाचा सरळ रस्ता, दोन गाड्या शेजारी शेजारी, आणि शेवटाला पहिला पोचेल तो जिंकला. त्या शर्यतीच्या गाड्यांचा थाट रस्त्यावरच्या गाडीला द्यावा, या कल्पनेतून १९८५ साली जपानच्या यामाहा कंपनीची व्ही-मॅक्स बाजारात आली. चार सिलिंडर, जवळजवळ १२०० सीसी, अमेरिकेतल्या गाडीला १४५ अश्वशक्ती! इंजिनच्या फेऱ्या मिनिटाला सहा हजारांच्या पुढे गेल्या, की प्रत्येक सिलिंडरला एकाऐवजी दोन कार्बोरेटरांकडून खुराक मिळे आणि गाडी उसळी घेई. पण तिचे मोठेपण सगळेच खरे नव्हते. टाकीच्या दोन्ही बाजूंना हवा ओढणारे कान दिसत, ते नुसते शोभेचे. टाकी म्हणून दिसे ते झाकण. खरी टाकी सीटखाली, अवघ्या १५ लिटरची. त्यामुळे पेट्रोलपंप लवकर लवकर गाठावा लागे. आणि भरवेगात वळण आले, की तो भारी देह डगमगू लागे. सरळ रस्त्यावरचा राजा वळणावर जपून चाले.

त्याच वर्षी कावासाकीने आपली एलिमिनेटर काढली. हे नावही त्या सरळ शर्यतींतलेच. बजाज आणि कावासाकी यांचे सहकार्य होते, म्हणून हेच नाव २००१ साली आपल्याकडे आले. गाडी लांबलचक, सीट बुटकी, ऐट मोठी. इंजिन मात्र १७५ सीसीचे. २००५ साली तिच्याच सांगाड्यात पल्सरचे इंजिन बसवून अॅव्हेंजर निघाली. रूप पैलवानाचे, खुराक गृहस्थाचा, अशी ती तडजोड होती.

खरी ताकद आली ती चाकणहून. १५ डिसेंबर २०१६ रोजी डोमिनार बाजारात उतरली. इंजिन ड्यूकच्या घराण्यातले, ३७३ सीसीचे, अश्वशक्ती ३५, किंमत दिल्लीत १ लाख ३६ हजारांपासून. नाव स्पॅनिश, अर्थ हुकमत गाजवणे. पुढच्याच वर्षी तिच्या जाहिरातीत हेल्मेट घातलेले स्वार हत्तींवर बसून डुलत चाललेले दाखवले होते. रोख बुलेटकडे होता, हे शेंबड्या पोरालाही कळावे. गंमत अशी, की डोमिनारचे स्वतःचे वजनही १८२ किलो. हत्तीला हसणारीही काही हरिणी नव्हती!

पुतण्याने मित्राची गाडी आणून मला मागे बसवले. खोटे कशाला सांगू? गोंदियाच्या रस्त्याला लागताच त्याने मूठ पिळली आणि माझे वय वीस वर्षांनी मागे पडले. परत आल्यावर ती आमच्या गल्लीत वळवताना मात्र त्याला दोनदा मागेपुढे करावे लागले. आईने तिच्या उंच सीटकडे पाहून लांबूनच हात जोडले. धानाची चुंगडी ठेवायला जागा नाही, आणि पेट्रोल जुन्या गाडीच्या दुप्पट.

तेव्हा मला आजोबांची पटाची जोडी आठवली. शंकरपट आमच्या मुलखाचा जीव की प्राण. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना बंदी केली, पुढे महाराष्ट्राने कायदा केला आणि २०२३ साली न्यायालयाने तो मान्य केला. पट धावतो तोही सरळच. वळण त्याला ठाऊक नाही. आजोबांच्या गोठ्यात नांगराची जोडी वेगळी आणि पटाची वेगळी असे. एका अडचणीच्या वर्षी एक जोडी विकणे भाग पडले. गावाने सांगितले, पटाची विका. आजोबांनी नांगराची विकली. आषाढात चिखलणीला पटाचे बैल जुंपले. दोन दिवसांत एकाचा पाय दुखावला. रोवणी लांबली, पीक निम्मे आले आणि धुऱ्यालगतची एक बांधी सावकाराकडे गेली. ती अजून परत आलेली नाही. म्हातारपणी आजोबा म्हणत, “मी पट लावला, ते चुकलं नाही. पटाच्या जोडीवर शेत टाकलं, ते चुकलं.”

मी पुतण्याला एवढेच सांगितले, “गाडी घे. पण जुनी विकू नको, आणि धानाच्या पैशाला हात लावू नको.”

तो जरा हिरमुसला. वर्षभर पगारातून साठवत राहिला. यंदाच्या दसऱ्याला डोमिनार दारात आली. जुनी हाताची, पण ठणठणीत. शेजारी ती जुनी शंभर सीसी उभीच आहे. मिलला जाणे तिच्यावर, चुंगडी तिच्यावर, आईला दवाखान्यात नेणे तिच्यावर. डोमिनार निघते ती रविवारी.

भाऊ अजूनही तिला हत्तीच म्हणतात. पण रोज सकाळी फडके घेऊन तिला पुसतात, ते भाऊच.