हाताचे माप आणि पट्टीचे माप



बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणाऱ्या माणसाने पियानोवर बोलावे, याचे आपल्याला नवल वाटले असेल. मी संगीताचा जाणकार नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढे जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. पण पियानो हेही एक यंत्रच आहे, आणि यंत्रापुढे बसणारा माणूस हा माझ्या आस्थेचा विषय आहे.

आपली पेटी डोळ्यांपुढे आणा. एक हात भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर, आणि गाणे बहुधा एकेका स्वराने पुढे जाते. युरोपीय संगीतात मात्र अनेक स्वर एकदम दाबून स्वरमेळ साधतात. षड्जापासून वरच्या सप्तकातील गंधारापर्यंत एका पंजात धरायचे म्हणजे दहा पांढऱ्या पट्ट्या झाल्या. आजच्या पियानोत सप्तकाची रुंदी सुमारे १६५ मिलिमीटर असते. त्या हिशेबाने पहिल्या पट्टीच्या मध्यापासून दहावीच्या मध्यापर्यंत सुमारे २१२ मिलिमीटर, म्हणजे सव्वाआठ इंचांहून थोडे अधिक अंतर भरते. घरी गेल्यावर प्रत्येकाने आपला पंजा ताणून मोजून पाहावा.

हे माप काही अनादिकालापासून चालत आलेले नाही. मोझार्टच्या काळातील व्हिएन्नाच्या पियानोंच्या पट्ट्या किंचित अरुंद होत्या. एकोणिसाव्या शतकात हे वाद्य दिवाणखान्यातून मोठ्या सभागृहात गेले, तारांचा ताण वाढला, लोखंडी चौकट आली, आणि शतकाच्या उत्तरार्धात आजचे माप रूढ झाले. माप रूढ होताच बदलण्याची जबाबदारी हातावर आली.

हाताला वळण लावण्याची यंत्रे तर त्याआधीच निघाली होती. लोगिए नावाच्या संगीतशिक्षकाने १८१४ साली मनगट आणि बोटे ठरलेल्या जागी ठेवणाऱ्या चौकटीचे पेटंट घेतले. रॉबर्ट शूमान याच्या उजव्या हाताचे बोट १८३२ च्या सुमारास निकामी झाले. कारणांविषयी मतभेद आहेत. परंतु बोटांसाठी तो एक उपकरण वापरीत होता, हे खरे. वादक व्हायला निघालेला तो तरुण संगीतरचनाकार झाला.

लहान हाताच्या वादकांनी आपल्यापुरत्या वाटा काढल्या. स्वरमेळ एकदम न दाबता खालून वर झरझर मोडीत जायचे. तळचा स्वर पायाच्या पेडलने धरून ठेवायचा. एखादा स्वर दुसऱ्या हाताकडे सोपवायचा. दोनदा आलेला मधला स्वर गाळायचा. शोपँने तर १८३३ साली प्रसिद्ध झालेल्या बारा अभ्यासरचनांतील अकरावी सबंधच अशा मोडलेल्या स्वरमेळांवर उभारली.

रचना ज्याने केली त्याच्या हाताचे मापही तीत उतरते. राखमानिनोव्ह याचे पंजे विलक्षण मोठे होते. १९०१ साली मॉस्कोत त्याने स्वतः वाजविलेल्या दुसऱ्या कॉन्चेर्टोच्या आरंभीच डाव्या हाताला दहा पट्ट्यांची पसर लागते. स्पेनच्या अलिसिया दे लारोचा (१९२३–२००९) यांची उंची पाच फुटांहूनही कमी. तरी हीच रचना त्यांनी गाजविली. यावरून ‘मेहनत केली की जमते’ असे म्हणणे सोपे आहे. त्यांची मेहनत थोर होतीच. पण त्यांची करंगळी लांब होती आणि अंगठा तर्जनीपासून पुष्कळ दूर जाई, हेही सांगितले पाहिजे. अपवादावरून नियम बांधू नये.

दुसरी वाट पट्टी बदलण्याची. योझेफ होफमान (१८७६–१९५७) हा थोर वादक. त्याचे हात लहान, म्हणून स्टाइनवे कंपनीने त्याच्यासाठी अरुंद पट्ट्यांचे पियानो बनविले. जे एका नामवंताला मिळाले ते इतरांना मिळायला फार काळ गेला. कॅनडाचे ख्रिस्तोफर डॉनिसन यांनी १९७० च्या दशकात सात-अष्टमांश मापाची पट्टी करून घेतली. पुढे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाचे डेव्हिड स्टाइनब्यूलर यांनी अशा पट्ट्या बनविण्यास आरंभ केला. पियानो तोच, तारा त्याच. केवळ पट्ट्यांचा संच बदलायचा. त्यांच्या एका मापात सप्तक १४१ मिलिमीटरचे आहे. त्यात दहा पट्ट्यांची पसर सुमारे १८१ मिलिमीटरवर येते, म्हणजे तीन सेंटिमीटर वाचतात. स्त्रियांचा पंजा पुरुषांच्या पंजाहून सरासरी एक इंचाने कमी पसरतो, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या वादकांच्या पाहणीत दिसले. तेव्हा रूढ माप कोणाच्या हाताला धरून आहे, हे वेगळे सांगायला नको.

आता माझी कबुली. एका कारखान्यात जुळणीच्या कामावर बहुतेक बायका होत्या. मागणीपत्र लिहिताना त्यांतली एक म्हणाली, “भाऊ, पक्कड लहान मुठीची आणायला सांगा. अंगठा रात्रभर ठणकतो.” मी हसलो. म्हणालो, “ताई, ही काय मागणी झाली? सवय होईल.” मागणीपत्रात पगार होता, रजा होती, पक्कड नव्हती. दोन वर्षांनी अंगठा वळेना, तेव्हा तिने काम सोडले. मालकाचा मुकादम जे बोलला असता तेच मी बोललो होतो, आणि ते मला कळले पियानोचा हा इतिहास वाचताना.

त्यानंतरच्या मागणीपत्रात हत्यारांच्या मापाचे कलम मी पहिल्या पानावर घातले. ते कलम लिहिण्याआधी सगळ्या बायकांचे पंजे कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून घेतले. ते कागद युनियनच्या कचेरीत आहेत. कोणाला पाहायचे असतील तर अवश्य यावे.