जुन्या कॉर्व्हेटची कुंडली : टाकीवरचा कागद आणि इंजिनावरचे आकडे

शेव्हरोलेट कंपनीच्या कॉर्व्हेट या अमेरिकी स्पोर्ट्स कारच्या १९६७ सालच्या एकूण २२,९४० गाड्या मिसुरी राज्यातील सेंट लुईस येथील कारखान्यातून बाहेर पडल्या. त्यांपैकी अवघ्या २० गाड्यांत ‘एल ८८’ या संकेताचे, खास शर्यतीसाठी सिद्ध केलेले इंजिन होते. अशी एक गाडी २०१४ मध्ये अमेरिकेतील लिलावात ३८ लाख ५० हजार डॉलरना विकली गेली. त्याच वर्षीची साध्या इंजिनाची कॉर्व्हेट या किमतीच्या एका लहानशा अंशाला मिळते. बाहेरून पाहता दोहोंतला ठळक फरक बॉनेटच्या आकाराचा, आणि बॉनेट बदलणे अवघड नाही. त्यामुळे ही गाडी कारखान्यातून कोणत्या रूपात बाहेर पडली, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही.

उत्तर शोधणारा प्रथम चॅसी क्रमांकाकडे वळतो. १९६३ ते १९६७ च्या कॉर्व्हेटमध्ये हा क्रमांक डॅशबोर्डच्या कप्प्याखालील आडव्या पट्टीवर रिव्हेट केलेल्या पत्र्यावर असतो. आरंभीचा १ म्हणजे शेव्हरोलेट, पुढचे ९४ म्हणजे कॉर्व्हेट. ३७ असल्यास बंद छताची आणि ६७ असल्यास उघड्या छताची गाडी. नंतरचा ७ हा वर्षाचा आणि ‘एस’ हे अक्षर सेंट लुईसचे. त्यापुढील अनुक्रमांक १००००१ पासून सुरू होतो. एवढे सांगून हा क्रमांक गप्प बसतो. गाडीत ३२७ घनइंचांचे लहान इंजिन होते की ४२७ घनइंचांचे मोठे, याविषयी त्यात अवाक्षर नाही. शेव्हरोलेटच्या क्रमांकात इंजिनाचा संकेत आला तो १९७२ च्या गाड्यांपासून. त्याआधीच्या गाड्यांत जी लबाडी फोफावली, तिचे मूळ या मौनात आहे.

त्याच पट्टीवर दुसरा पत्रा असतो. तो रंग, आसनांचे आवरण आणि सांगाडा तयार झाल्याचा काळ सांगतो. ९०० म्हणजे काळा, ९७४ म्हणजे लाल, ९७६ म्हणजे निळा. फायबरग्लासचा सांगाडा सेंट लुईसमध्येच बनला असल्यास क्रमांकाआधी ‘एस’ येतो. मिशिगनमधील आयोनिया येथे ए. ओ. स्मिथ कंपनीने बनवला असल्यास ‘ए’. महिन्यासाठीही अक्षरच वापरलेले आहे आणि नवखा वाचक हमखास येथे चकतो. या पत्र्यावरील ‘ए’ म्हणजे जानेवारी नव्हे, तर नव्या मॉडेलच्या उत्पादनाचा पहिला महिना. उलट इंजिनाच्या ओतीव धडावर तारीख उमटवताना ‘ए’ म्हणजे जानेवारीच. एकाच गाडीवर दोन पंचांगे चालतात.

खरी परीक्षा इंजिनाच्या पुढच्या बाजूला, उजव्या सिलिंडर हेडच्या अगदी पुढे असलेल्या सपाट पट्टीवर होते. समजा, तेथे ‘टी ०३१५ जेई’ अशी अक्षरे ठोकलेली आहेत. ‘टी’ म्हणजे न्यूयॉर्क राज्यातील टोनावांडा येथील इंजिन कारखाना. लहान इंजिने फ्लिंटहून येत आणि त्यांवर ‘व्ही’ असे. पुढचे आकडे १५ मार्च हा जुळणीचा दिवस सांगतात. ‘जेई’ हा तीन कार्ब्युरेटरांच्या, ४३५ अश्वशक्तीच्या ‘एल ७१’ इंजिनाचा संकेत. ‘आयटी’ असते तर तो एल ८८ ठरला असता. शेजारी चॅसीचा अनुक्रमांक असतो, पण तो सेंट लुईसमध्ये, गाडी जुळताना ठोकलेला. म्हणजे एकाच पट्टीवरचे हे दोन ठसे दोन गावांत, दोन वेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या दिवशी उमटलेले असतात. ते एकाच हाताने, एकाच जोराने ठोकल्यासारखे एकसारखे दिसले, तर जाणकाराच्या मनात पाल चुकचुकते. शिवाय कारखान्यात ही पट्टी यंत्राने तासली जाई आणि त्या तासणीच्या बारीक समांतर रेघा धातूवर राहत. जुने आकडे घासून नवे ठोकणाऱ्याच्या हातून बहुधा या रेघाच पुसल्या जातात.

तारखांचा क्रमही तपासावा लागतो. इंजिनाचे धड ३ मार्चला ओतलेले, जुळणी १५ मार्चची आणि सांगाडा त्यानंतरचा, हे सुसंगत आहे. सांगाडा फेब्रुवारीतला आणि इंजिन मेमधले असेल, तर ते इंजिन त्या गाडीत जन्मापासून असणे कठीण.

आता कागद. १९६७ च्या सुमारापासून सेंट लुईसच्या कारखान्यात गाडीच्या मागणीपत्राची एक प्रत पेट्रोलच्या टाकीच्या वरच्या अंगाला डकवली जाऊ लागली. टाकी खाली उतरवल्याशिवाय ती दिसत नाही. कित्येक मालकांनी तीस-चाळीस वर्षे गाडी चालवली आणि आपल्या पाठीमागे हा कागद आहे, याची त्यांना गंधवार्ताही नव्हती. या प्रतीवर चॅसी क्रमांक, विक्रेत्याचा संकेत आणि चौकटीचौकटींत मागवलेल्या प्रत्येक जोडसामानाचा संकेत असतो : सी ६० म्हणजे वातानुकूलन, एन १४ म्हणजे बाजूने जाणारे धुराडे, जे ५० म्हणजे पॉवर ब्रेक, यू ६९ म्हणजे रेडिओ, के ६६ म्हणजे ट्रान्झिस्टरचे प्रज्वलन. हा कागद भावी खरेदीदाराला पटवण्यासाठी लिहिलेला नव्हता. त्याच्या साक्षीला वजन आहे ते यामुळेच.

तथापि ही साक्षही उलटतपासणीवाचून मान्य करता येत नाही. संकेत एकमेकांशी बांधलेले होते. एल ७१ इंजिनाबरोबर वातानुकूलन किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळत नसे. एल ८८ घेणाऱ्याला रेडिओ तर नाहीच, हीटरदेखील मिळत नसे; उलट एम २२ गिअरबॉक्स, एफ ४१ सस्पेन्शन आणि जे ५६ ब्रेक घ्यावेच लागत. एल ८८ आणि यू ६९ एकाच कागदावर दिसले, तर कागद कितीही पिवळा आणि जीर्ण असो, तो रचलेला आहे. जुन्या कागदाची हुबेहूब नक्कल आज विकत मिळते. टाकीही एका गाडीतून दुसरीत जाऊ शकते. म्हणून कागदावरचा क्रमांक पत्र्याशी, इंजिनाशी आणि सांगाड्याखाली चासीवर ठोकलेल्या क्रमांकाशी ताडून पाहतात. खरा कागद सापडलाच, तर तो सोलून काढण्याची घाई करू नये. पेट्रोलने आणि गंजाने तो ठिसूळ झालेला असतो. आधी जागच्या जागी छायाचित्रे घ्यावीत.

जग्वारसारखी ब्रिटिश कंपनी आपल्या जुन्या नोंदवह्यांवरून मालकाला प्रमाणपत्र देते. सेंट लुईसच्या कॉर्व्हेटच्या मालकाला १९६७ च्या गाडीची अशी संपूर्ण नोंद कंपनीकडून मिळण्याची सोय नाही. मग उरतात विक्रेत्याचे बिल, काचेवर लावलेले किमतीचे पत्रक आणि हमीपुस्तिकेतील धातूची लहान पट्टी. या पट्टीवर चॅसी क्रमांकाबरोबर इंजिन व गिअरबॉक्सचे संकेत उठवलेले असतात, त्यामुळे तिचे मोल बिलापेक्षा अधिक. अर्थात, तिचीही नक्कल होते.

भारतात अशा पडताळणीला २०२१ पासून कायद्याचीही जोड मिळाली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील त्या वर्षीच्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. मात्र ती मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून नोंदणी १० वर्षे चालते. अर्जासोबत विमा, आधी नोंद झालेली असल्यास जुने नोंदणीपुस्तक आणि गाडी परदेशातून आणलेली असल्यास सीमाशुल्काचे ‘बिल ऑफ एंट्री’ जोडावे लागते. आजोबांच्या काळातील गाडी वाड्याच्या पडवीत झाकून ठेवणाऱ्या घरांनी तिचे जुने नोंदणीपुस्तक शोधण्यास आधी लागावे. इंजिनावरचे आकडे नंतरही वाचता येतील, पण वाळवीला तेवढा धीर नसतो.