ईस्टरची पौर्णिमा आणि मनगटावरचे पंचांग

मोहाची फुले पडू लागली, की चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानगावांत माणसे टोपल्या घेऊन पहाटेच बाहेर पडतात. आपला उपवासकाळ बहुधा याच सुमारास असतो. ईस्टर मार्चमध्ये येणार की एप्रिलमध्ये, हे मात्र दरवर्षी धर्मग्रामाच्या दिनदर्शिकेत पाहावे लागते. ही तारीख यंत्राकडून वदवून घेण्याचा खटाटोप युरोपातील घड्याळजींनी केला. त्याची हकिकत आम्हांस मोठी उद्बोधक वाटते.

चावीवर चालणारी, आणि तरीही महिना ३० दिवसांचा की ३१ चा हे आपणहून ओळखणारी घड्याळे ‘परपेच्युअल कॅलेंडर’, म्हणजे नित्य दिनदर्शिका, या नावाने विकली जातात. किंमत कित्येक लाखांची. इकडे कोणाच्या मनगटावर ती आमच्या पाहण्यात नाहीत. लंडनच्या टॉमस मज याने १७६२ च्या सुमारास असे खिशातले घड्याळ घडविले, आणि जिनिव्हाच्या पाटेक फिलिप पेढीने १९२५ मध्ये ते मनगटावर आणले. आतली युक्ती ऐकायला सोपी आहे. चार वर्षांत एक फेरा करणाऱ्या चकतीच्या कडेला ४८ महिन्यांचे ४८ टप्पे असतात. ३१ दिवसांचा महिना उंच, ३० चा थोडा खोल, फेब्रुवारी सर्वांत खोल, लीप वर्षाचा फेब्रुवारी किंचित उथळ. एक तरफ ही खोली चाचपते आणि महिनाअखेरीस तितके दिवस गाळते.

‘नित्य’ हे नाव २१०० सालापर्यंतच खरे. त्या वर्षी फेब्रुवारी २८ दिवसांचा असेल, आणि यांतील बहुतेक घड्याळे २९ दाखवतील. याचे मूळ १५८२ मध्ये आहे. जुन्या ज्युलियन गणनेचे वर्ष खऱ्या वर्षाहून सुमारे ११ मिनिटांनी मोठे होते. त्यामुळे ३२५ सालच्या निसियाच्या महासभेच्या काळी २१ मार्चला येणारा वसंतसंपात ११ मार्चपर्यंत मागे सरकला, आणि ईस्टर भलत्याच दिवशी पडू लागला. लुइजी लिलिओ या वैद्याने उपाय सुचविला, येशूसंघीय गणिती क्लाव्हियुस यांनी त्याचे समर्थन केले, आणि पोप तेरावे ग्रेगरी यांनी ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर मोजण्याची आज्ञा केली. आव्हिलाची संत तेरेजा निवर्तली ती त्याच रात्री. तिचा सण म्हणूनच १५ ऑक्टोबरला येतो. शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग गेला तरच ते लीप, हा नियमही तेव्हाचाच.

हा नियम यंत्रात बसविता येतो. ईस्टर बसविणे त्याहून फार अवघड, कारण त्याच्या तारखांचा क्रम ५७ लाख वर्षांनी पुन्हा सुरू होतो. पाटेक फिलिपच्या १९८९ च्या ‘कॅलिबर ८९’ या खिशातल्या घड्याळात १,७२८ भाग आहेत. तरी त्यातली ईस्टरची चकती २०१७ पर्यंतच पुरली. खरे गणित केले ते श्विल्गे याने. स्ट्रासबुर्ग कॅथेड्रलचे त्याचे घड्याळ १८४३ मध्ये पूर्ण झाले. वर्षअखेरीच्या मध्यरात्री त्याची चाके फिरतात आणि नव्या वर्षाचा ईस्टर ठरतो.

२१ मार्चला वा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्या पुढचा रविवार, एवढाच मूळ नियम. आमच्या खेड्यांत ही पौर्णिमा सर्वांच्या ओळखीची आहे. कधी ती होळीची असते, कधी हनुमान जयंतीची. २०२३ मध्ये हनुमान जयंती ६ एप्रिलला होती, ईस्टर ९ ला. २०२४ मध्ये होळी २४ मार्चला पेटली, आणि ३१ ला आपण ईस्टर साजरा केला.