खुब्याचा सांधा: छेद केवढा, आत काय?

सात रस्त्याच्या आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी कर्ज मागितलं. खुब्याचा सांधा बदलायचा होता आणि ‘छोट्या छेदाचं’ ऑपरेशन महाग सांगितलं होतं. जास्तीचे पैसे कशाचे, हे बघायला मी या ऑपरेशनचा इतिहास वाचला. तोच सांगते.

खुबा म्हणजे कमरेच्या हाडाची वाटी आणि तिच्यात फिरणारा मांडीच्या हाडाचा गोळा. इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी आधी टेफ्लॉनची वाटी बसवली. आपल्या नॉनस्टिक तव्याला असतं तेच! ती काही वर्षांतच झिजली, रुग्णांची पुन्हा ऑपरेशनं करावी लागली. मग १९६२ साली त्यांनी पोलादी गोळ्याला टणक प्लास्टिकची वाटी दिली. ही जोडी टिकली. सांधा नीट दिसावा म्हणून ते मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा कापून बाजूला करत, नंतर तारेने बांधत. छेद मोठा असायचा तो यासाठी.

फ्रान्सचे ज्यूदे बंधू मात्र १९४०च्या दशकातच समोरून, दोन स्नायूंमधल्या फटीतून आत जात. २०००च्या सुमारास अमेरिकेत लहान छेदाची लाट आली आणि ही जुनी वाट नव्याने गाजली. जाहिराती मात्र इंच मोजू लागल्या.

बेलफास्टच्या डॉक्टरांनी २००५ साली छापलेला अभ्यास मला फार पटला. २१९ रुग्ण. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं काहींना १० सेंटिमीटरपर्यंतचा छेद, काहींना १६चा. कुणाचा केवढा, हे रुग्णांना सांगितलंच नाही. दुखणं, चालणं, घरी जाण्याचा दिवस, कशातच म्हणावा असा फरक निघाला नाही. समोरच्या वाटेने पहिले काही आठवडे थोडे सोपे जातात. वर्षभराने दोघी सारख्याच चालतात.

आत काय बसवलं, याचा फरक मात्र मोठा. डेप्यू कंपनीचा एएसआर सांधा, धातूच्या वाटीत धातूचा गोळा, २०१० साली जगभरातून परत मागवला गेला. घासून धातूचे कण शरीरात जात होते. भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसवले होते. २०१७ साली केंद्र सरकारने चौकशी समिती नेमली, तोवर बऱ्याच रुग्णांचा पत्ताच लागेना.

सांध्याच्या खोक्यावर कंपनीचं नाव आणि नंबर असलेले स्टिकर असतात. त्यातलं एक डिस्चार्जच्या कागदावर चिकटवून मागा आणि तो कागद रेशनकार्डाबरोबर ठेवा.