वाघनखे आणि पेटीवरील लेख : वसाहतकालीन स्मृतीची चिकित्सा

मांडणशिल्पात वस्तू, जागा, प्रकाश आणि प्रेक्षक यांच्या परस्परसंबंधातून अर्थ निर्माण होतो. या दृष्टीने १९ जुलै २०२४ रोजी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात सुरू झालेले वाघनखांचे प्रदर्शन अभ्यसनीय आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने ही वाघनखे तीन वर्षांच्या मुदतीने महाराष्ट्रास दिली. ही परतफेड नव्हे, उसनवारी होय.

शस्त्राइतकीच त्याची पेटी महत्त्वाची आहे. तिच्यावरील इंग्रजी लेखाचा आशय असा : शिवाजी महाराजांनी मोगल सेनापतीस ज्या वाघनखांनी मारले ती, पेशव्यांच्या प्रधानाने साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यास दिली. वस्तुतः अफजलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता, हे प्रतापगडाच्या पायथ्याच्या शाळकरी मुलासही ठाऊक असते. १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध करणाऱ्या डफच्या नावाच्या पेटीवर ही चूक असावी, हे विलक्षण होय. अफजलखानाच्या वधासाठी वापरली गेली ती हीच वाघनखे, याची खात्री करता येत नाही, असे लंडनच्या संग्रहालयानेच नमूद केले आहे.

लेखातील ‘दिली’ हे क्रियापद मात्र अधिक बोलके आहे. जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव शरण गेला. त्याच वर्षी कंपनीने प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसविले. पण १८२२ पर्यंत कारभार डफच्याच हाती होता. अशा संबंधात भेट कोणती आणि शरणागती कोणती, हे वेगळे काढणे कठीण.

पुढे १८३९ मध्ये प्रतापसिंह पदच्युत झाले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते सुमारे १४ वर्षे लंडनमध्ये झगडले आणि रिक्तहस्ते परतले. दरम्यान १८४८ मध्ये सातारा राज्य खालसा झाले. (शेजारचे सांगली संस्थान त्यानंतर आणखी शंभर वर्षे टिकले, दोन्ही शहरांच्या ब्रिटिशकालीन स्मृती म्हणूनच एकसारख्या नाहीत.) लंडनहून काहीतरी साताऱ्यास येते, या घटनेला येथील लोकमानसात जे मोल आहे, त्यामागे हा इतिहास आहे. शस्त्राच्या अस्सलपणाच्या वादाने ते मोल कमी होत नाही.

म्हणून अशा मांडणीत प्रकाशझोत केवळ पोलादावर असू नये. पेटीवरील लेख मराठी भाषांतरासह, त्यातील चुकीसकट, प्रेक्षकांपुढे ठेवावा आणि त्याच्या शेजारी रंगो बापूजींच्या लंडनमधील प्रयत्नांची हकिकत असावी.